बंबाचा हिशेब

डिसेंबर उजाडला की आमच्या गल्लीत फजरच्या अजानआधीच हालचाल सुरू होते. कुठे कुऱ्हाडीचे दोन घाव, कुठे बंबाचं झाकण वाजल्याचा आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ खोकला. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातलं आमचं गाव. इथं थंडी फार नाही, पण पहाटेच्या टाकीतल्या पाण्यात हात घातला तर बोटं आखडतात. म्हाताऱ्या माणसाला त्या पाण्यानं वुजू करायला सांगणं म्हणजे परीक्षाच.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता, दादीच्या काळातला. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. उघड्या चुलीपेक्षा तो शहाणाच म्हणायचा, कारण विस्तवाला चारी बाजूंनी पाणीच भेटतं. पण तो पेटवायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आमच्या अम्मी. पहाटे साडेचारला उठायचं, वाळलेली चिपाडं आणि शेणीचा तुकडा घालून जाळ धरायचा, मग बाभळीची लाकडं. सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत त्या बंबाशेजारून हलायच्या नाहीत. आम्ही सोलरचा विषय काढला की त्यांचं एकच उत्तर असे, "बंबाला काय खर्च आहे? जळण शेतातलंच तर आहे."

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे हिशेब मांडायची खोड. आठवीला उष्णतेचं मापन शिकवताना एकदा घरचंच उदाहरण फळ्यावर घेतलं. पंधरा लिटरची बादली, पाणी वीस अंशांचं, ते चाळीस अंशांपर्यंत तापवायचं. पंधरा गुणिले वीस, म्हणजे ३०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. तेव्हा एक बादली म्हणजे साधारण एक तृतीयांश युनिट, आणि सहा माणसांच्या घराला रोज दोन युनिटांच्या आसपास.

हीच उष्णता लाकडातून काढायची तर? वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत जवळपास ४००० किलोकॅलरी असतात, पण उघड्या चुलीवर त्यातल्या दहा-पंधरा टक्केच पाण्याला मिळतात. बाकीच्या भिंतीला, हवेला आणि धुराला. म्हणजे सहा बादल्यांना किमान तीन किलो लाकूड, वर्षाला एक टनाहून जास्त. वर्गातल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "आणि ते आणायला लागलेला वेळ कुठे लिहायचा?" फळ्यावर त्याच्यासाठी रकाना नव्हता.

त्या प्रश्नानंतर अम्मींच्या "काय खर्च आहे" कडे आम्ही वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. बंब फुकट वाटतो, कारण त्याचा पैसा पुरुषाच्या खिशातून जात नाही. तो बाईच्या झोपेतून, कमरेतून आणि डोळ्यांतून जातो. सोलरला मात्र एकरकमी पैसे मोजावे लागतात, म्हणून तो महाग. घरातल्या धुराचं प्रकरण साधं नाही. २०२० या एका वर्षात घरगुती धुराच्या प्रदूषणानं जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्वयंपाकाचा गॅस २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गावागावांत पोहोचला, पण आंघोळीचं पाणी बहुतेक घरांत अजून लाकडावरच तापतं. का, तर तेही हिशेबात दिसतं: सहा बादल्या रोज गॅसच्या शेगडीवर तापवल्या, तर १४.२ किलोची टाकी नुसत्या पाण्यावर पावणेदोन महिन्यांत संपते. कोण तापवणार?

विजेची कॉईल स्वस्त मिळते, म्हणून ती घरोघरी आली. तिच्याबद्दल एकच सांगणं: बटण बंद करून, पिन काढूनच पाण्यात हात घाला, आणि लोखंडी बादली वापरू नका. लहान मुलं असलेल्या घरात तर ती नसलेलीच बरी. गॅसच्या गिझरबद्दल मात्र जास्त काळजीनं सांगावंसं वाटतं. बंद न्हाणीघरात तो लावला आणि हवा खेळती नसली, की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत असलेल्याला नुसती गुंगी येते आणि दार उघडायची ताकद राहत नाही. गॅसचा गिझर लावायचाच असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्यावर लावा; आत फक्त पाण्याची नळी येऊ द्या. कडी लावून कोळशाची शेगडी आत घेणाऱ्यांनाही हेच लागू.

आता सोलर. आम्ही पहिल्यांदा घेतला तेव्हा पुरते फसलो, ते सांगायलाच हवं. विक्रेत्यानं माणसं किती, छप्पर कसलं, पैसे कधी देणार, सगळं विचारलं. पाणी कुठलं हे विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड की डाळ शिजता शिजत नाही. बसवला तो सपाट पेटीचा सोलर. त्यात काचेखाली काळा पत्रा आणि तांब्याच्या बारीक नळ्या असतात. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्या नळ्यांत क्षार साचून पाणी फिरणंच थांबलं. उन्हात पेटी तापायची, नळाला पाणी कोमट. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बंब परत मोरीशेजारी आणून ठेवला, एवढंच.

दुसऱ्या वेळी काचेच्या नळ्यांचा घेतला. दोन पदरी काच, मधली हवा काढून टाकलेली, थर्मासचंच तत्त्व. ऊन आत शिरतं, उष्णता बाहेर पडत नाही. नळ्या रुंद असल्यानं क्षारानं पटकन तुंबत नाहीत, पण गाळ तळाशी बसतोच. वर्षातून एकदा नळ्या उतरवून धुवाव्या लागतात, टोकाची रबरं पाहावी लागतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. टाकी रिकामी राहून नळ्या उन्हात तापल्या असतील, तर त्यात दुपारी गार पाणी सोडू नका. काच तडकते. पाणी गेलं असेल तर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भरायचं.

म्हणून सगळ्यांनी नळ्यांचाच घ्यावा, असंही नाही. आमच्या आपांच्या सासरी, कोकणात, जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ. तिथं क्षाराची भीती कमी, आणि वानरांची जास्त! छपरावर उड्या मारणाऱ्या टोळीपुढे आणि वरून पडणाऱ्या नारळापुढे त्या नळ्या किती टिकणार? त्यांनी जाड काचेची सपाट पेटी घेतली आणि ती नीट चालते. आधी पाणी पाहा, मग छप्पर, आणि मग किंमत.

शंभर लिटरचा सोलर चांगल्या उन्हात साठ अंशांपर्यंत पाणी देतो. त्यात वीस अंशांचं गार पाणी मिसळून आंघोळीजोगं केलं तर दोनशे लिटर होतं, तेरा बादल्या. सहा माणसांच्या घराला पुरून भांड्यांनाही उरतं. तोंड दक्षिणेकडे हवं आणि हिवाळ्यात दहा ते तीन सावली पडता कामा नये. शेजारचं आंब्याचं झाड दिसायला कितीही छान असो. पाण्यानं भरलेल्या सोलरचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, ते पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराला पेलत नाही. आम्ही न्हाणीघराच्या छोट्या स्लॅबवर लोखंडी घोडा करून घेतला. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर लागते, तेव्हा तिची उंचीही धरावी लागते. नळी मात्र आखूड ठेवा. वीस मीटर अर्ध्या इंची नळीत अडीच लिटर पाणी गार होऊन बसतं, आणि दर वेळी ते आधी वाया जातं.

पुष्कळ जण विचारतात, सूर्यघर योजनेत अनुदान मिळेल का? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ती योजना छपरावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही. दोन्हींना आपण सोलरच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

आमच्या घरचं पाहून मस्जिदीचा विषय निघाला. तिथं वुजूच्या पाण्यासाठी एक मोठं पातेलं चुलीवर ठेवत आणि मुअज्जिनसाहेब स्वतः जाळ घालत. जमातीतून वर्गणी झाली, दोनशे लिटरचा सोलर बसला. पहिले दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी फजरला नळातून गार पाणी! बसवणाऱ्याला बोलावलं, त्यानं सोलर तपासला; काही बिघाड नव्हता. बिघाड आमच्यात होता. मगरिब आणि इशाच्या वुजूतच रात्रीपर्यंत गरम पाणी संपत होतं, आणि रात्री ऊन कुठून आणणार?

आम्ही एकदा नळाखाली बादली धरून पाहिली. नळ सोडून वुजू करणाऱ्या एका माणसाचं सहा-सात लिटर पाणी जात होतं. साठ नमाजींचं गणित करा, चारशे लिटरच्या घरात जातं. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आलं आहे, आजच्या मापानं ते लिटरभर किंवा त्याहूनही कमी. इस्राफवर आपण तकरीर ऐकतो, मान डोलावतो आणि बाहेर येऊन नळ पूर्ण सोडतो. दोन लिटर कोमट पाण्यात वुजू आरामात होतो, आणि साठ माणसांना मिळून सहा आंघोळींएवढीच उष्णता लागते.

कमिटीत वाद झाला. काहींना आणखी दोनशे लिटरचा सोलर हवा होता. एका बुजुर्गांनी सुचवलं की जुने बधने परत काढा. तरुण हसले. शेवटी दोन्हींच्या मधला मार्ग निघाला: गरम पाण्याला दाबून धरेपर्यंतच चालणारे नळ बसवले, वृद्धांसाठी चार बधने ठेवले, आणि इशानंतर गरम पाण्याची चावी बंद करून ती मुअज्जिनसाहेबांकडे दिली. टाकीला जाड अस्तर असतं, त्यामुळे रात्रभरात पाणी काही अंशच उतरतं. फजरला ते पुरतं. दुसरा सोलर घ्यावा लागला नाही.

घरीही हाच धडा लागू पडला. संध्याकाळी सगळ्यांनी गरम पाणी वापरायचं आणि सकाळी सोलरला नावं ठेवायची, हे आमच्याकडेही झालं. आता आंघोळी शक्यतो दुपारनंतर नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा बंब लागतोच. पण वर्षातले महिना-दीड महिना आणि रोज साडेचारला यात फरक आहे. शिवाय त्या दिवसांत बंब आम्ही पेटवायचा असं ठरलं आहे. पहिल्या दिवशी ओल्या लाकडानं जाळ धरेना, डोळे चुरचुरले, अर्धा तास गेला. अम्मी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "नळीचं तोंड आधी मोकळं करावं लागतं. राख काढली का?"

राख काढली नव्हती.

मागच्या महिन्यात शेजारच्या खालाजान आल्या होत्या. त्यांचा मुलगा दुबईहून येणार आहे आणि घराला पुढून फरशी बसवायचं म्हणतो आहे. अम्मींनी त्यांना न्हाणीघरात नेलं, नळ सोडून हात धरायला लावला आणि विचारलं, "फरशी किती रुपयांची?" आता रविवारी आम्ही त्यांच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला देणार आहोत. त्यांचं छप्पर पत्र्याचं आहे, घोडा कुठे उभा करायचा ते अजून ठरायचं आहे.