गुण आला, पण किती?

गुडघ्याचा सांधा बदलून सहा महिने झालेल्या एखाद्या आजीबाईंना डॉक्टर विचारतात, "आतां कसें काय?" आजीबाई म्हणतात, "बरें आहे." श्रोतेहो, या उत्तरांत अर्धी भीड असते. ज्यांनीं एवढे कष्ट घेतले त्यांच्या तोंडावर "अजून जिना उतरवत नाहीं" असें म्हणणें आपल्याकडे प्रशस्त वाटत नाहीं. डॉक्टर क्ष-किरणांची तसबीर पाहतात, धातूचा सांधा जागच्या जागीं असतो, आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली अशी नोंद होते. वेदना मात्र त्या तसबिरींत उमटत नाहीं.

बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असा आग्रह धरला कीं, प्रत्येक रोग्याचा पुढें माग ठेवून शेवटीं काय फळ आलें तें इस्पितळांनीं पाहावें व जाहीरही करावें. व्यवसायबंधूंना तो रुचला नाहीं. परंतु फळाची पारख पुढेंही बराच काळ वैद्याच्याच हातीं राहिली.

रोग्यालाच पद्धतशीर विचारण्याची एक चांगली रीत ऑक्सफर्ड येथें सिद्ध झाली. तेथील प्रश्नपत्रिका खुब्यासाठीं १९९६ सालीं व गुडघ्यासाठीं १९९८ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांतील प्रश्न रोग्यांशीं बोलूनच ठरविले होते. प्रत्येकींत बारा प्रश्न, तेही गेल्या चार आठवड्यांपुरते: रात्रीं अंथरुणांत दुखतें काय, बाजारहाट एकट्यानें करतां येतो काय, जेवून खुर्चीवरून उठतांना किती दुखतें. प्रचलित पद्धतींत प्रत्येक उत्तरास शून्यापासून चार गुण मिळतात, एकूण ४८. गुण जितके अधिक, तितकी प्रकृति बरी.

खरी मेख मात्र पुढेंच आहे. दोन मुलांना वार्षिक परीक्षेंत ४० गुण मिळाले. पैकीं एकाला सहामाहींत १२ होते व दुसऱ्याला ३४. दोघांची प्रगति सारखी म्हणणारा मास्तर विरळाच! म्हणून इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनें २००९ पासून खुबा व गुडघा बदलणाऱ्या रोग्यांस शस्त्रक्रियेपूर्वीं एकदां आणि सहा महिन्यांनीं पुन्हां प्रश्न विचारण्याची प्रथा पाडली. मागाहून "आधीं कसें होतें?" असें विचारून भागत नाहीं, सरलेलें दुखणें मनुष्यास जसेंच्या तसें आठवत नाहीं. इस्पितळांची तुलना करतांनाही रोग्यांचें वय, इतर व्याधि व मूळची स्थिति यांची वजावाट करावी लागते. नाहींतर अवघड रोगी घेणारें इस्पितळ उगाच नापास ठरावयाचें. शिवाय एकदोन गुणांच्या फरकाला फारसा अर्थ नसतो, आणि ज्यांचें दुसरें उत्तर आलेंच नाहीं ते बरे झाले कीं कंटाळले, हें कागदावरून कळत नाहीं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ऑक्सफर्डच्या गुडघ्याच्या पत्रिकेंत गुडघे टेकून पुन्हां उठतां येतें काय, असा प्रश्न आहे. मांडी घालण्याचा किंवा उकिडवें बसण्याचा नाहीं. कृत्रिम गुडघा बसविल्यावर या दोन्ही गोष्टी टाळाव्या असें पुष्कळ शल्यवैद्य सांगतात. हें आजीबाईंस आधींच नीट समजावून दिलें होतें काय, आणि त्या कोणत्या आशेनें शस्त्रक्रियेस तयार झाल्या, हें पहिल्या कागदावर लिहून घेतलेलें बरें. नुसत्या भाषांतरानें तें साधत नाहीं. ४८ पैकीं ४० गुण मिळूनही देवघरांत त्यांना स्टूल लागत असेल, तर ती खंत त्या बारा प्रश्नांत कोठेंच मांडतां येत नाहीं.