घरांतील अणु-घड्याळ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं लहानशा पोथीएवढी एक धातूची पेटी आली. मोबाईलच्या मनोऱ्यांवरून काढून टाकलेलीं अशीं रुबिडियम-प्रमाणकें जुन्या मालाच्या बाजारांत मिळतात. त्यापासून घड्याळ करावयाचें आम्हीं ठरविलें. 'अणु' हा शब्द कानीं पडतांच मातोश्रींनीं पेटी देवघरापासून दूर ठेवावयास सांगितलें. पण येथें अणु फोडावयाचा नसतो. त्याची केवळ साक्ष काढावयाची असते.

पेटींतील रुबिडियमच्या दिव्याचा प्रकाश त्याच धातूच्या वाफेनें भरलेल्या कांचेच्या कुपींतून प्रकाशग्राहकावर पडतो. कुपीवर सेकंदाला सुमारें ६८३ कोटि ४७ लक्ष आंदोलनांच्या लहरी सोडतात. गति नेमकी जुळली कीं प्रकाश किंचित् मंदावतो. चुकली कीं पुन्हां वाढतो. त्या खुणेवरून आंतील स्फटिकाची चाल सुधारली जाते व बाहेर सेकंदाला १ कोटि आंदोलनें मिळतात. तीं ओळीनें सात वेळां दहांनीं भागलीं कीं सेकंदाचा ठोका हातीं येतो. आम्हीं १५ व्होल्टचा वीजपुरवठा जोडला, उष्णता वाहून नेण्यास जाड पत्रा बसविला आणि कांहीं मिनिटांत ठोके पडूं लागले.

आमचा आनंद गगनांत मावेना. तोंच मातोश्री म्हणाल्या, "अरे, पण आत्तां वाजले किती, हें त्याला कोणीं सांगितलें?"

आम्हीं निरुत्तर झालों. त्या पुढें म्हणाल्या, "आमच्या लग्नांत घटिकापात्र होतें. पण जोशीबोवांनीं सूर्योदय पाहून तें पाण्यांत सोडलें, तेव्हां कोठें घटका मोजण्याला अर्थ आला."

खरोखर, रुबिडियमला सेकंदाची लांबी ठाऊक. वेळ ठाऊक नाहीं. लांबीहि उसनीच! १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर आधारलेली आहे. रुबिडियम हें दुय्यम प्रमाण. वयानें व तपमानानें त्याची चाल सरकते. एक अब्जांश चूक राहिली तरी दिवसाला ८६ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. २०२३ सालीं 'एनव्हीएस-०१' या उपग्रहासोबत भारतीय बनावटीचें रुबिडियम-घड्याळ आकाशांत गेलें. पण अशा उपग्रहांच्या घड्याळांवरहि जमिनीवरील केंद्रांची सतत नजर असते.

आतां आम्हीं आमचा ठोका उपग्रहाच्या ठोक्याशीं नित्य ताडून पाहतों. परवां रात्रीं वीज गेली व घड्याळ शून्यावर आलें. सकाळीं तें पुन्हां लावतांना मातोश्री जवळ येऊन बसल्या. पेटी आतां देवघराशेजारच्या कोनाड्यांत आहे.