इथला आणि बाहेरचा

इंदूरला डॉक्टरकीचे सरकारी कॉलेज आहे. पूर्वी इंदूर मध्यभारत राज्यात होते. तेव्हा त्या राज्यातल्या मुलाला नुसती फी पडे. बाहेरच्याला वर १,५०० रुपये भरावे लागत. दिल्लीचा एक विद्यार्थी सुप्रीम कोर्टात गेला. हा भेदभाव आहे, असे त्याचे म्हणणे.

१९५५ साली पाचांपैकी चार न्यायाधीशांनी ही फी योग्य ठरवली. जन्म कुठे झाला, यावरून भेद करायला राज्यघटनेची मनाई आहे. राहतो कुठे, ही गोष्ट निराळी. कॉलेजला पैसा राज्य देते. इथला मुलगा शिकून इथेच दवाखाना घालील.

पटते खरे. पण बाहेरच्या गरीब बापाने दीड हजार कुठून आणावेत?

आणि बघा, १९५६ साली भोपाळ आणि इंदूर एकाच मध्यप्रदेशात आले. भोपाळचा मुलगा एका रात्रीत ‘इथला’ झाला!