रहाटात मारलेली पाचर

विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिलाय, त्यांना पेशीतलं हे यंत्र चटकन कळेल. फक्त इथे कारभार उलटा आहे. रहाटात चाक फिरतं म्हणून गाडगी वर येतात; इथे गाडग्यांत येऊन बसणारे प्रोटॉनच चाक फिरवतात. एकेक प्रोटॉन अलीकडून चढतो, जवळजवळ पूर्ण फेरी मारतो आणि पेशीतल्या पडद्याच्या पलीकडे उतरतो. चाकाचा कणा एका घुमटात घुसलेला असतो. चाकाच्या एका फेरीत त्या घुमटातून एटीपीचे 3 रेणू बाहेर पडतात, म्हणजे पेशीचं इंधन. एटीपी सिंथेज नावाचं हे प्रथिन. घुमटाची रुंदी साधारण 10 नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रांगेत लाखभर मावतील.

ते खरंच फिरतं कशावरून? जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बॉयर यांनी तसा तर्क मांडला होता. जॉन वॉकर यांच्या केंब्रिजमधल्या गटाने 1994 मध्ये घुमटाची रचना अणूंपर्यंत उलगडली, आणि ती त्या तर्काशी जुळली. पण डोळ्यांना दिसलं ते 1997 मध्ये, जपानमध्ये. नोजी, योशिदा, किनोसिता आणि सहकाऱ्यांनी घुमट काचेवर उलटा चिकटवला, कण्याला ॲक्टिनची चमकती काडी जोडली आणि वर एटीपी सोडलं, म्हणजे यंत्र उलट्या क्रमाने चालवलं. यंत्राच्या शंभरपट लांब असलेली ती काडी सूक्ष्मदर्शकाखाली फिरू लागली, नेहमी एकाच दिशेने. एका रेणूचं फिरणं माणसाने बसून पाहावं! ती चित्रफीत कितीदाही पाहिली तरी माझ्या अंगावर काटा येतो.

क्षयाच्या जंतूतही हाच रहाट आहे. आपल्या चाकाला 8 घरं, त्याच्या चाकाला 9. बेडाक्विलिन हे औषध त्या चाकाला पाचर मारतं. गंमत म्हणजे औषध आधी सापडलं. ते नेमकं कुठे लागतं हे नंतर कळलं. औषधाला न जुमानणारे जंतू तपासले, तर बिघाड नेमका चाकाच्या जनुकात निघाला. 2005 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे 2021 मध्ये गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून घेतलेल्या चित्रांत ती पाचर चाकाच्या घरांत आणि शेजारच्या न फिरणाऱ्या चौकटीलगतच्या फटीत बसलेली स्पष्ट दिसली. सुस्त पडून राहिलेल्या जंतूलाही एटीपी लागतंच, म्हणून तोही मरतो.

औषधप्रतिरोधी क्षयावर पूर्वी महिनोन् महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्यांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. आता या औषधामुळे बहुतेकांना गोळ्यांवर भागतं. हृदयाच्या ठोक्यांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. आणि जंतूही स्वस्थ बसलेला नाही: काहींनी औषध बाहेर उपसून टाकणारा पंप वाढवलाय. म्हणून रसायनशास्त्रज्ञ तीच चित्रं समोर ठेवून त्याच फटीत आणखी घट्ट बसेल अशी पाचर तासताहेत.