‘अर्धस्थिर’ ही संज्ञा : अंकीय मंडलांच्या संदर्भात
अंकीय मंडलातील ‘फ्लिप-फ्लॉप’ या घटकास शून्य व एक अशा दोनच स्थिर अवस्था असतात. घड्याळ-स्पंदाच्या क्षणी तो आत येणारा संकेत टिपतो. परंतु कळ दाबणारा हात त्या घड्याळास बांधलेला नसतो. संकेत नेमका त्याच क्षणी पालटल्यास घटक मध्येच रेंगाळतो. गोदावरी व मांजरा यांमधील बालाघाटच्या जलविभाजकावर पडलेला थेंब कोणीकडे व केव्हा ओघळेल, हे सांगता येत नाही; तशीच ही स्थिती होय. तेवढ्यात मंडलाच्या एका भागाने त्याचे वाचन शून्य व दुसऱ्याने एक असे केल्यास कार्य बिघडते. चॅनी व मोल्नार यांनी १९७३ साली या वर्तनाचा प्रायोगिक पुरावा प्रसिद्ध केला.

येथे संज्ञेचा विवेक हवा. गोठणबिंदूखालील द्रव पाणी अर्धस्थिर असून सूक्ष्म क्षोभ सोसते. फ्लिप-फ्लॉपची मध्यावस्था मात्र अल्पशा क्षोभानेही ढळते. शब्द एकच असला, तरी अर्थ भिन्न आहे.

हा दोष समूळ नाहीसा करता येत नाही. दोन फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक जोडून निर्णयास एका स्पंदाचा अवधी दिला जातो. अवधी वाढेल तशी अनिर्णयाची संभाव्यता घातांकी प्रमाणात घटते, परंतु शून्य होत नाही.