रॅम्पचा निम्मा खर्च करातून वजा

अमेरिकेत १९९० पासून लहान व्यावसायिकांना अपंगांसाठीच्या सोयींच्या खर्चावर ही करसवलत आहे. आदल्या वर्षीची उलाढाल १० लाख डॉलरपर्यंत किंवा पूर्णवेळ कर्मचारी ३० पर्यंत, यांतली एक अट पुरे. पहिले २५० डॉलर पदरचे. त्यापुढे १०,२५० पर्यंतच्या खर्चातला निम्मा थेट करातून वजा. दुकानाच्या पायऱ्यांशेजारी ४,२५० डॉलर खर्चून व्हीलचेअरसाठी रॅम्प केला, तर २,००० डॉलर कर वाचतो. कर्णबधिर कर्मचाऱ्यासाठी दुभाषी, ब्रेलमधला मजकूर हेही यात धरतात. दुभाषी कायमच लागतो, आणि सवलतही दरवर्षी घेता येते, ही फार मोलाची सोय. नव्या बांधकामाला मात्र ती नाही. ते मुळातच सर्वांना वावरता येईल असं हवं, हे रास्तच.