सौंदर्योपचारांची पारख

पुण्यासारख्या शहरांत सौंदर्योपचारांचा सल्ला विकत घ्यावा लागत नाहीं. तुळशीबागेंतील दुकानांत, मंडईजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडे, लग्नघरांत, हळदीकुंकवाला आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर, "हें एकदां लावून पाहा" अशी शिफारस न मागतां मिळते. दिवाळी जवळ आली कीं उटण्याच्या पुड्या घरोघर पोंचतात आणि प्रत्येक घराचें प्रमाण निराळें असतें. एकीच्या उटण्यांत आंबेहळद आणि वाळा अधिक, तर दुसरीच्या उटण्यांत नागरमोथा, गव्हला-कचोरा आणि संत्र्याची साल. शिकेकाईंतहि कोणी रिठे घालतें, कोणी मेथ्या. प्रत्येकीला आपलेंच प्रमाण उत्तम वाटतें, आणि तिच्यापाशीं त्याचा अनुभवहि असतो.

ह्या शिफारशींत लबाडी क्वचितच असते. सांगणारीला खरोखर गुण आलेला असतो, अथवा तो आला असें तिला मनापासून वाटत असतें. प्रश्न तिच्या सचोटीचा नसून अनुमानाचा आहे. "लावलें आणि बरें वाटलें" ह्या लहानशा वाक्यांत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: एक घडलेली घटना आणि दुसरें तिचें कारण. घटना डोळ्यांना दिसते. कारण दिसत नाहीं, तें शोधावें लागतें. सौंदर्योपचाराची पारख करणें म्हणजे ह्या दोहोंतील अंतर ओळखणें होय.

परंपरेचा आधार ह्या कामीं किती पुरतो, हें हळदीच्या प्रसिद्ध वादावरून चांगलें समजतें. मार्च १९९५ मध्यें अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळालें. त्याच वर्षीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, आणि ह्या परिषदेनें १९९६ सालीं त्या पेटंटाला हरकत घेतली. हळदीचा हा उपयोग भारतांतील प्रत्येक आजीला ठाऊक आहे, एवढें म्हणून भागण्यासारखें नव्हतें. पुरावा लेखी हवा होता. परिषदेनें जुन्या ग्रंथांतून आणि छापील नियतकालिकांतून ३२ संदर्भ गोळा करून पुढें मांडले. ऑगस्ट १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें.

ह्या विजयाचा अर्थ मात्र पुष्कळदां भलताच लावला जातो. हा उपयोग नवा नसून भारतांत पूर्वींपासून माहीत आहे, एवढेंच त्या निकालानें ठरविलें. हळदीनें कांति उजळते, असा निवाडा त्यांत कोठेंहि नाहीं. वाद कांतीचा नव्हताच. एखादी गोष्ट जुनी असणें आणि ती गुणकारी असणें हीं दोन स्वतंत्र विधानें आहेत. जुनेपणामुळें ती तपासून पाहण्याजोगी ठरते. तपासणीचा निकाल मात्र जुनेपणा देऊं शकत नाहीं. लग्नांतील हळदीनंतर चेहऱ्यावर जें तेज दिसतें, त्यांतील बराच भाग हळदीच्या पिवळ्या रंगाचा आणि चोळल्यामुळें निघालेल्या मळाचा असतो. तें तेज खोटें नव्हे. परंतु तें चार दिवसांचें आहे, हें सांगणारीनें सांगितलें पाहिजे.

केंसांच्या बाबतींत अनुमान विशेष फसवें ठरतें. डोक्यावर सुमारें १ लाख केंस असतात. प्रत्येक केंस दोन ते सहा वर्षें वाढतो, मग सुमारें तीन महिने विश्रांति घेतो आणि गळून पडतो. पुढें त्याच मुळांतून नवा केंस येतो. म्हणून रोज ५० ते १०० केंस गळणें हें निरोगीपणाचेंच लक्षण आहे. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण ह्यांच्या पाठोपाठ मात्र पुष्कळ केंस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेंत जातात आणि दोन-तीन महिन्यांनीं कंगव्यांत गुंतवळाचे गुंतवळ येऊं लागतात. घरांत घबराट होते. माका, ब्राह्मी, जास्वंद, कांद्याचा रस अशा शिफारशी चोहोंकडून येतात. त्यांतील एखादें तेल सुरू होतें, चार-सहा महिन्यांत केंस पूर्ववत् होतात आणि तेलाची कीर्ति पसरते. परंतु अशी गळती बहुधा कांहींहि न लावतां तेवढ्याच अवधींत आपोआप थांबते. तेव्हां तेलानें काय केलें, हें ह्या अनुभवावरून कळूंच शकत नाहीं. गळती सहा महिन्यांनंतरहि चालू राहिली, अथवा चट्ट्याचट्ट्यानें केंस जाऊं लागले, तर मात्र तेलें बदलीत न बसतां डॉक्टरांकडे जावें.

केंस महिन्याला सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. पंधरवड्यांत केंस वीतभर लांब झाल्याची शिफारस त्यामुळें न तपासतांच बाजूला ठेवण्यास हरकत नाहीं. डोक्याबाहेर आलेला केंस निर्जीव असतो. त्याचें पोषण करतां येत नाहीं, परंतु त्याची झीज कमी करतां येते. खोबरेल तेलाचें खरें काम येथेंच दिसतें. २००३ सालीं मुंबईच्या दोन संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल आणि खनिज तेल ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याच्या अगोदर किंवा नंतर खोबरेल लावल्यास केंसांतील प्रथिनांची हानि कमी होते, इतर दोन तेलांनीं तसें होत नाहीं, असें त्यांना आढळलें. खोबरेलांतील मुख्य मेदाम्लाचा रेणु लहान आणि सरळ असल्यानें तो केंसाच्या आंत शिरूं शकतो, असें कारण त्यांनीं दिलें. नवे केंस उगवण्याविषयींचा तो प्रयोग नव्हता. शिवाय हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच प्रयोगशाळेंतील होते, हेंहि ध्यानांत ठेवावें. तेवढ्यानें प्रयोग खोटा ठरत नाहीं; परंतु शिफारस करणाराचा हितसंबंध कोठें गुंतला आहे हें पाहणें, हा पारखीचाच एक भाग आहे.

एकाच वस्तूचा गुण दोन घरांत निराळा येण्याचें एक साधें कारण म्हणजे पाणी. पुण्याच्या जुन्या पेठांत नळाला येणारें पाणी खडकवासला आणि तिच्या वरच्या धरणांत साठलेलें पावसाचें पाणी असतें. तें हलकें आहे. वाढत्या उपनगरांतून पुष्कळ ठिकाणीं बोअरचें पाणी वापरावें लागतें. तें खडकांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ह्यांचे क्षार घेऊन येतें, म्हणून जड असतें. साबणाचा ह्या क्षारांशीं संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो केंसांवर बसला कीं केंस राठ व निस्तेज दिसतात. शिकेकाई आणि रिठा ह्यांना फेस येतो तो सॅपोनिन नांवाच्या द्रव्यामुळें. त्याचा असा साका बनत नाहीं. आजच्या बहुतेक शांपूंचेंहि तसेंच आहे. तेव्हां सदाशिव पेठेंत उत्तम ठरलेला साबण उपनगरांतील बहिणीच्या घरीं फसला, तर दोघींपैकीं कोणीच खोटें बोलत नसतें. उपाय सांगतांना पाणी, ऋतु आणि त्वचेची जात ह्यांचा उल्लेख गाळला, तर शिफारस अर्धीच राहते.

मग घरच्या घरीं परीक्षा कशी घ्यावी? त्यासाठीं प्रयोगशाळा नको, तीन नियम पुरेत. पहिला नियम असा कीं, एका वेळीं एकच वस्तु सुरू करावी. नवा साबण, नवें क्रीम आणि नवें तेल एकाच आठवड्यांत आलें, तर यश कोणाचें आणि अपराध कोणाचा, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं.

दुसरा नियम जागेचा. चेहऱ्याला लावण्यापूर्वीं ती वस्तु कोपराच्या आंतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसांतून दोनदां, सात ते दहा दिवस लावून पाहावी. धुऊन टाकण्याची वस्तु असेल तर नेहमींच्या अवधीनें धुऊन टाकावी. लाली, खाज किंवा पुरळ आल्यास परीक्षा तेथेंच संपली. केंसांच्या कलपाची परीक्षा वेष्टनावरील सूचनेप्रमाणें प्रत्येक वेळीं ४८ तास अगोदर घ्यावी, कारण त्यांतील पॅराफिनिलिनडायअमिन हें द्रव्य वर्षानुवर्षें सोसल्यानंतरहि एके दिवशीं अंगावर उठूं शकतें. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस असतो. लावतांच काळाभोर रंग देणाऱ्या मेंदींत बहुधा हेंच द्रव्य मिसळलेलें असतें. "झाडपाल्याचें आहे, त्यानें काय होणार?" हा युक्तिवादहि टिकत नाहीं. लिंबाचा रस त्वचेवर ठेवून उन्हांत गेल्यास भाजल्यासारखे फोड येतात आणि मागें काळे डाग राहतात.

तिसरा नियम मुदतीचा. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशी खालून वर येण्यास सुमारें चार आठवडे लागतात. म्हणून त्वचेच्या उपचाराला निदान चार ते सहा आठवडे आणि केंसांच्या उपचाराला निदान तीन महिने दिल्यावांचून मत देऊं नये. आरंभाची तारीख लिहून ठेवावी आणि त्याच खिडकीजवळ, त्याच प्रकाशांत घेतलेलें छायाचित्र आधीं व नंतर ताडून पाहावें. आरसा रोजचा असल्यामुळें तो मनाजोगी साक्ष देतो.

तथापि ह्या तिन्ही नियमांना उतरलेली वस्तुहि घातक असूं शकते. २०२३ सालीं उघडकीस आलेली अकोल्याची हकीकत ह्या दृष्टीनें प्रत्येक घरानें ऐकण्यासारखी आहे. तेथील एका तरुणीनें सौंदर्यप्रसाधनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईकडून एक क्रीम घेतलें. चेहरा उजळला, ओळखीच्या लोकांनीं वाखाणणी केली, आणि तें पाहून तिची आई व बहीणहि तेंच क्रीम लावूं लागल्या. पुढें तिघींच्याहि मूत्रपिंडांना विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयांत शोध घेतां घेतां क्रीमपर्यंत माग लागला. त्यांत पारा होता. येथें शिफारस करणारी घरचीच होती, गुण डोळ्यांना दिसत होता आणि कोणाचा हेतु वाईट नव्हता.

पारा त्वचेंतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवितो. म्हणून तो कांहीं आठवड्यांत खरोखरच उजळपणा आणतो. परंतु तोच त्वचेंतून रक्तांत शिरून मूत्रपिंडांत सांचतो. कोपराजवळच्या परीक्षेंत तो खाजेनें इशारा देईलच असें नाहीं. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें क्रीममध्यें पारा घालण्यास मनाई आहे. नकळत मिसळलेला अंशहि दहा लाखांत १ भागाहून अधिक चालत नाहीं. स्टेरॉइड असलेल्या मलमांचीहि अशीच फसगत आहे. आरंभीं चेहरा नितळ होतो, मग त्वचा पातळ व लाल होते, मुरुम आणि लव येते. आणि मलम थांबवितांच त्रास उसळत असल्यामुळें मलमच गुणकारी होतें असा भ्रम होतो. २०१८ सालीं अशीं कित्येक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकूं नयेत अशा औषधांच्या यादींत घालण्यांत आलीं. म्हणून डबीवर करणाराचें नांव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदतीची तारीख नसेल, तर तिच्यांतील क्रीमची परीक्षाहि घेऊं नये. आणि दोन-तीन आठवड्यांत रंग उजळून दाखविणारी वस्तु ही गुणकारी नसून संशयास्पद समजावी.

ह्या धोक्याच्या मुळाशीं डबीपेक्षां एक जुनी समजूत अधिक आहे. वधूवरांच्या जाहिरातींतून गोरेपणाची मागणी पिढ्यान् पिढ्या छापली गेली, आणि त्वचा स्वच्छ, मऊ व निरोगी असण्यापेक्षां ती उजळ असण्याला मोल आलें. मूळचा वर्ण हा रोग नाहीं. त्याला उपचारहि नको. उन्हापासून संरक्षण, सौम्य प्रक्षालन, कोरड्या हिवाळ्यांत थोडें तेल अथवा मलई आणि पुरेशी झोंप, एवढ्यांत निरोगी त्वचेचें बहुतेक सर्व काम होतें. उटण्याचा सुवास आणि अभ्यंगाचें सुख ह्यांना तर दुसऱ्या कोणत्याहि समर्थनाची गरजच नाहीं. तें सुख हेंच त्यांचें फळ होय.

मैत्रिणीला उपाय सांगणें ही आपुलकीची रीति आहे आणि ती बंद पडूं नये. मात्र सांगतांना वस्तु कोणती, किती दिवस लावली, कोणत्या ऋतूंत, कसल्या पाण्यांत, त्याच वेळीं आणखी काय चालू होतें आणि नेमका फरक कोणता पडला, एवढें सांगावें. त्रास झाला असेल तर तो प्रथम सांगावा. ऐकणारीनेंहि तेवढें विचारण्यास संकोच करूं नये. जी शिफारस इतके प्रश्न सोसूं शकते, तीच घरांत येऊं द्यावी.